नागपूरची जुनी ख्रिस्तमंदिरे कशी वाचावी

शास्त्रपाठ : यहोशवा ४ : १–९

हिंगणा तालुक्यातील व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील आमचे पुष्कळ वाचक बाजारहाट, कोर्टकचेरी, दवाखाना अथवा मुलांचे शिक्षण यांनिमित्त नागपुरास नेहमी जात येत असतात. पूर्वी ही पंधरा-सोळा किलोमीटरांची वाट बैलगाडीने कंटाळवाणी होत असे. २०२० च्या जानेवारीपासून हिंगणा रस्त्यावरील लोकमान्यनगर स्थानकात मेट्रो गाडीत बसले की थोडक्या वेळात सीताबर्डीस उतरता येते. तेथून सिव्हिल लाइन्स व सदर हे भाग फारसे दूर नाहीत. या टापूत जुनी ख्रिस्तमंदिरे आहेत, मिशनच्या व चर्चच्या नावाने चालत आलेल्या शाळा आहेत, कॉलेज आहे, दवाखाना आहे. परंतु आमच्या पाहण्यात असे येते की, खेड्यातील आपला बंधू या इमारतींच्या फाटकाशी क्षणभर थांबतो, आतल्या दगडी भिंतींकडे मान उंचावून पाहतो, आणि “हे मोठ्या लोकांचे काम” असे मनाशी म्हणून पुढे चालू लागतो. घरी परतल्यावर स्वतःच्या गावचे कौलारू प्रार्थनामंदिर त्याला पूर्वीपेक्षा अधिकच ठेंगणे भासू लागते. अशा वाचकाकरिता हा पाठ आहे.

वर नेमलेल्या उताऱ्यात यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणून मुक्कामाच्या जागी ठेवण्याचा वृत्तांत आला आहे, आणि असे करण्याचे कारणही तेथेच सांगितले आहे. पुढे मुलेबाळे विचारतील की, हे धोंडे कशाचे? तेव्हा वडील मंडळींस उत्तर देता यावे. धोंडा आपण होऊन काही सांगत नाही. उत्तर ठाऊक असलेला एकही मनुष्य गावात उरला नाही म्हणजे तो पुन्हा रानातला धोंडाच होतो. इमारतींची गोष्टही तशीच आहे. म्हणून जुन्या मंदिरापुढे उभे राहिले असता त्याची उंची मोजण्याच्या आधी आम्ही असे विचारावे की, हे कोणी व कोणासाठी बांधले, आत कोणत्या भाषेत उपासना होत असे, आणि त्या वेळी बाहेर कोण उभे असे? शेवटचा प्रश्न थोडा बोचतो. पण तो गाळला तर नागपूरच्या मंदिरांचा इतिहास अर्धाच हाती लागेल.

आरंभ सीताबर्डीच्या टेकडीपासून करावा. येथे १८१७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २६ व २७ तारखांस अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य व इंग्रज कंपनीची पलटणे यांची लढाई झाली. कंपनीचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स हे होते. कंपनीचा जय झाला, आणि पुढे टेकडीवर किल्ला उभा राहिला. या टेकडीच्या पूर्वेस भोसल्यांचे शहर, म्हणजे महाल व त्याभोवतीच्या पेठा; पश्चिमेस रेसिडेन्सी व साहेब लोकांचे बंगले. १८६७ मध्ये आगगाडी आली, तेव्हा लोहमार्गही टेकडी व शहर यांच्या मधूनच गेला. टेकडीच्या या दोन बाजू वाचकांनी मनात पक्क्या धराव्या, कारण पुढे जे सांगावयाचे ते सर्व त्यांवरच उभे आहे. जवळच चार घोडे व दगडी खांब असलेले शून्य मैलाचे ठिकाण आहे. तेथील मोजणी खात्याची खूण १९०७ सालची असून ती जागा समुद्रसपाटीपासून १,०२० फुटांहून किंचित उंच आहे. लोक तेथे हौसेने उभे राहून छायाचित्रे काढतात. काढोत बापडे, आम्ही पुढे जाऊ.

सिव्हिल लाइन्समध्ये सदरच्या अंगाला ऑल सेंट्स कॅथीड्रल आहे. हे मंदिर १८५१ सालचे. त्या वेळी नागपुरास तिसरे रघूजी भोसले अजून गादीवर होते. ते १८५३ च्या डिसेंबरात वारले, आणि नंतर हे राज्य कंपनीने खालसा केले. म्हणजे परक्या राजाच्या मुलखात, पण रेसिडेंटाच्या छायेत, हे मंदिर झाले. याचा आराखडा मद्रास इंजिनियर्स या पथकातील रिचर्ड सँकी नावाच्या लेफ्टनंटाने केला. सँकी यांचा जन्म १८२९ सालचा, तेव्हा ते बावीस वर्षांचे तरुण होते. पुढे त्यांनी बंगळूर येथे मोठमोठ्या इमारती उठविल्या, आणि तेथील एक तलाव आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यांच्या हातचे आरंभीचे काम पाहावयाचे तर ते येथे आहे. मंदिर लहानसे, गॉथिक धर्तीचे, टोकदार कमानींचे. पुढे उपासक वाढले तेव्हा, १८७९ च्या सुमारास, जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या नामांकित इंग्रज शिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे त्याचा विस्तार करण्यात आला. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जे राष्ट्रीय कॅथीड्रल आहे त्याच्या मूळ आराखड्यात याच बॉडलींचा हात होता. हिंगण्याहून येणाऱ्या शेतकऱ्याने हे मनात आणून पाहावे की, ज्याने वॉशिंग्टनच्या मंदिराची रेघ ओढली त्याचीच रेघ आपल्या जिल्ह्याच्या गावी दगडात उतरली आहे.

आता आमचा प्रश्न. हे कोणासाठी बांधले? उघड आहे की, रेसिडेन्सीतील अंमलदार, फौजेचे अधिकारी व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी. उपासना इंग्रजीत. अशा मंदिरांतून त्या काळी छताला लांबच लांब पंखे टांगलेले असत आणि त्यांची दोरी ओढणारे गरीब लोक बाहेर बसलेले असत. उपदेशाचा एक शब्दही त्यांच्यासाठी नसे. हे आम्ही निंदेच्या बुद्धीने लिहीत नाही. परदेशी मृत्यूच्या दाढेत राहणाऱ्या त्या माणसांनाही देवाची आठवण हवीच होती, आणि अशा जुन्या मंदिरांच्या भिंतींवरील स्मृतिशिला वाचल्या म्हणजे पटकी व तापाने किती कोवळी माणसे गेली हे कळून मन द्रवते. तथापि सत्य ते सत्य. टेकडीच्या पश्चिम बाजूचे पहिले मंदिर राज्य करणाऱ्यांचे होते.

पूर्व बाजूची कथा निराळी आहे, आणि तिचा आरंभ स्कॉटलंडात होतो. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मंडळीत मोठी फूट पडली. पाळकांची नेमणूक जमीनदाराने करावी की मंडळीने, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. साडेचारशेहून अधिक पाळक आपली मंदिरे, राहती घरे व वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. इमारती मागे राहिल्या, माणसे निघाली. पहिली काही वर्षे त्यांपैकी कित्येकांनी माळरानावर व कोठारांत उपासना चालविली. हिंदुस्थानातील त्यांचे मिशनरीही फ्री चर्चच्या बाजूस गेले. याच फ्री चर्चने, मद्रास सैन्यातील अधिकारी विल्यम हिल यांनी दिलेल्या देणगीच्या आधारे, नागपूरकरिता एक मनुष्य पाठविला. त्यांचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप.

येथे एक खुलासा केलेला बरा. मराठ्यांच्या इतिहासात १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांशी लढलेले सर टॉमस हिस्लॉप नावाचे सेनापती येतात. ते हे नव्हेत. आमचे हिस्लॉप त्याच साली, ८ सप्टेंबर रोजी, स्कॉटलंडातील डन्स या गावी जन्मले. सीताबर्डीची लढाई झाली तेव्हा ते पाळण्यात होते. १८४४ च्या डिसेंबरात ते मुंबईस उतरले, आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. त्यांच्यापाशी मंदिर नव्हते. १८४६ साली त्यांनी शहरात शाळा काढली. कामठीस छावणी होती, तेथे मद्रासी पलटणींबरोबर आलेले तामिळ व तेलुगू बोलणारे लोक होते, त्यांच्यातही ते काम करीत. १८४७ साली रॉबर्ट हंटर हे सोबती येऊन मिळाले. प्रकृतीने दगा दिल्यामुळे १८५५ मध्ये त्यांना परत जावे लागले, आणि पुढे त्यांनी विलायतेत सात भागांचा मोठा इंग्रजी कोश रचला.

वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. पश्चिमेस आधी भिंती व मग मंडळी. पूर्वेस आधी फळा व बाराखडी, आणि भिंतींचे पुढे पाहू. टेकडीच्या दोन बाजूंस एकाच दशकात हे दोन प्रकार चालू होते. कोणी म्हणेल की, दोघेही एकाच राज्याच्या आश्रयाने आले, मग भेद तो काय? या आक्षेपात तथ्य आहे, व तो झटकून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. इंग्रजी निशाण टेकडीवर नसते तर हिस्लॉप यांस शहरात शाळा चालविणे कितपत साधले असते, हे सांगवत नाही. परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर येथील कारभारात जे दोष व अन्याय शिरले ते हिस्लॉप यांनी सेरामपूरच्या ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रातून उघडकीस आणले. १८६१ साली मध्यप्रांत हा नवा प्रांत निर्माण झाला, त्यामागे जी कारणे होती त्यांत या लेखनाचीही गणना केली जाते. राज्यकर्त्यांच्याच जातीचा मनुष्य राज्यकर्त्यांस असे बोल लावतो, तेव्हा त्याला त्यांचा नोकर म्हणता येत नाही.

हिस्लॉप यांचा आणखी एक नाद असा होता की, फिरावयास गेले म्हणजे ते दगड गोळा करीत. सीताबर्डीच्या ज्या टेकडीवर इतरांस केवळ किल्ला व तोफा दिसत, तेथे हिस्लॉप व हंटर यांनी थर पाहिले. वर काळा खडक, त्याच्याखाली गोड्या पाण्याच्या तळ्यातील शिंपल्यांचा पातळ थर. म्हणजे अग्निरसाच्या दोन पुरांमध्ये येथे कधी काळी शांत तळी होती आणि त्यांत गोगलगाई फिरत होत्या. १८५५ साली या दोघांचा नागपूरच्या आसपासच्या भूस्तरांवरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. चांदा भागातील मांगली येथून मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी त्यांनी विलायतेस पाठविली. त्याच साली रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिले. नागपूरजवळील टाकळी येथील एका हिरव्या खनिजास १८५९ मध्ये ‘हिस्लोपाइट’ हे नाव मिळाले. उपदेशकाने असले धोंडे कशास उचलावे, असे कोणास वाटल्यास त्याने आपला शास्त्रपाठ पुन्हा उघडून पाहावा.

आता शहर सोडून थोडा वेळ हिंगणा तालुक्यातच परत यावे लागते. याच तालुक्यात बुटीबोरीजवळ टाकळघाट गाव आहे. आज ते बहुतेकांस विक्तुबाबांच्या देवस्थानामुळे व जवळच्या कारखान्यांमुळे ठाऊक आहे. या परिसरात जमिनीवर मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेले आढळतात; ती फार प्राचीन लोकांची थडगी होत. अशी शिळावर्तुळे नागपूर जिल्ह्यात ठिकठिकाणी, काटोल रस्त्यावर जुनापाणी येथेही आहेत. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा तळ बोरीस पडला होता, आणि ही वर्तुळे उकरून पाहण्याचे काम चालू होते. हिस्लॉप यांच्यापेक्षा त्यांतले अधिक जाणणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून तेही तेथे होते.

४ सप्टेंबर रोजी त्यांनी टेंपल यांच्यासह ती जागा पाहिली. टेंपल व इतर मंडळी बोरीस परतली. हिस्लॉप मागे राहिले. कारण काय, तर टाकळघाटास एक खेड्यातली शाळा होती, आणि आलोच आहोत तर मुलांची परीक्षा घेऊन जाऊ, असे त्यांनी ठरविले. मोठ्या हुद्देदाराबरोबर परत जाऊन तळावर जेवावयाचे सोडून दहा-पाच पोरांची उजळणी ऐकत बसणे, हे त्यांच्या अठरा वर्षांच्या कामाशी जुळतेच होते. वाटेत एक नाला होता. सकाळी त्याला पाणी बेताचे होते. आमच्या भागातील नाल्यांचा स्वभाव वाचकांस सांगावयास नको. भाद्रपदात वर कोठे पाऊस झाला की घटकेत कोरड्या पायाने ओलांडलेला नाला अंगावर येतो. संध्याकाळी अंधारात हिस्लॉप यांनी त्यात घोडा घातला. काही वेळाने घोडा एकटाच तळावर आला. शोध करणाऱ्यांस पाण्यात त्यांचा देह सापडला. शेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास चार दिवस उणे होते.

त्यांच्या कागदांत गोंड व इतर आदिवासी लोकांविषयी बरीच टिपणे निघाली. त्यांत गोंडांच्या लिंगो नामक पूर्वजाची दीर्घ गाथा होती, जी त्यांनी परधानाच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली होती. टेंपल यांनी हे सर्व कागद संपादून १८६६ मध्ये छापविले. गोंडी परंपरेवर लिहिणारे विद्वान आजही त्या पुस्तकापर्यंत मागे जातात. टाकळघाटाच्या शिळावर्तुळांचेही पुढे चीज झाले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८ च्या सुमारास टाकळघाट व खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले व त्याचा अहवाल १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की, ख्रिस्ताच्या सुमारे सहाशे वर्षे आधी येथे लोखंड वापरणारे, घोडे बाळगणारे, काळी-तांबडी मडकी घडविणारे लोक राहत होते. हिंगणा तालुक्यास काही इतिहास नाही असे जे शहरी लोक म्हणतात, त्यांनी याचा विचार करावा. नागपूरचे कोणतेही ख्रिस्तमंदिर या धोंड्यांपुढे कालचे पोर आहे.

पुन्हा सदरकडे वळू. तेथे बिशप कॉटन स्कूल ही जुनी शाळा आहे. कलकत्त्याचे बिशप जॉर्ज कॉटन यांचे नाव तिला दिलेले आहे, कारण त्या काळी नागपूर कलकत्त्याच्या बिशपांच्या अधिकारात मोडत असे. युरोपीय व अँग्लोइंडियन मुलांस शाळा मिळाव्या म्हणून या बिशपांनी खटपट केली. योग असा की, हिस्लॉप यांच्या मागून तीनच वर्षांनी, १८६६ च्या ऑक्टोबरात, बंगाल्यात कुष्टिया येथे बोटीवर चढताना पाय घसरून तेही नदीत बुडाले. शाळेची पाटी वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस हे ठाऊक असेल. सदरमध्येच रोमन कॅथलिक मंडळीचे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे कॅथीड्रल व शाळा आहेत. त्यांचा इतिहास मोठा असून तो स्वतंत्र पाठाचा विषय आहे.

हिस्लॉप यांच्या शाळेतून पुढे काय झाले ते सर्वांस माहीत आहे. १८८३ साली तिला कॉलेजचे वर्ग जोडले गेले व ते कलकत्ता विद्यापीठास संलग्न झाले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाल्यावर ते त्याकडे आले. हे हिस्लॉप कॉलेज पूर्वी महालात होते, आता सिव्हिल लाइन्समध्ये आहे. म्हणजे पूर्वेकडची शाळा टेकडी ओलांडून पश्चिमेस आली. याच स्कॉटिश मिशनच्या डॉक्टर अ‍ॅग्नेस हेंडरसन या बाईंनी १८९० पासून नागपुरात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेचे काम आरंभिले, आणि १८९६ मध्ये म्यूर मेमोरियल हॉस्पिटल उघडले. पुरुष डॉक्टरास नाडी दाखविणेही ज्या घरांत निषिद्ध होते, तेथील बायका या दाराने आत येऊ शकल्या. मंदिरांच्या यादीत दवाखाना कसा, असे कोणी विचारील. आमच्या मते खेड्यातील कितीतरी कुटुंबांचा मिशनशी पहिला परिचय बाळंतपणाच्या खाटेवरच झाला. तेव्हा या पाठातून तो वगळणे अन्यायाचे होईल.

मंदिरांच्या मालकीची कथा मात्र अजून पुरी झाली नाही. १९०३ साली नागपुरास अँग्लिकन मंडळीचे पहिले बिशप आयर चॅटर्टन नेमले गेले, आणि ऑल सेंट्स हे लहानसे मंदिर कॅथीड्रल झाले. गोंडवनाचा इतिहास लिहून १९१६ मध्ये प्रसिद्ध करणारे चॅटर्टन ते हेच. इकडे स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या १९०४ साली हिंदुस्थानच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत गेल्या. १९२४ साली अहमदनगरकडील (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या व त्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. तरीही अँग्लिकन एकीकडे व हे दुसरीकडे, असाच प्रकार होता. प्रभुभोजन वेगळे, पाळकांची दीक्षा वेगळी. एकाच गावात दोन मंडळ्या असल्या म्हणजे सोयरीक जुळविताना किती पंचाईत होई, हे आमच्या वडील वाचकांस चांगले आठवत असेल.

वाटाघाटी अनेक वर्षे चालल्या. अखेरीस २९ नोव्हेंबर १९७० या रविवारी सहा मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, स्थापन झाली. तीत अँग्लिकन होते, संयुक्त मंडळी होती, बाप्तिस्त होते, ब्रेद्रेन होते, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते, आणि डिसायपल्स होते. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे व न मानणारे एका मंडळीत बसले, ही जगाच्या मंडळीच्या इतिहासात फार विरळ गोष्ट आहे. आणि हा सोहळा कोठे झाला? दिल्लीस नव्हे, कलकत्त्यास नव्हे. नागपुरास, या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात झाला. जे मंदिर १८५१ साली रेसिडेन्सीच्या साहेबांकरिता बांधले गेले, त्याच्याच अंगणात हिस्लॉप यांच्या शाळेतून, म्यूरच्या दवाखान्यातून व खेड्यापाड्यांतील कौलारू प्रार्थनामंदिरांतून निघालेल्या मंडळीचे नाव त्या दिवशी अँग्लिकनांच्या नावाशेजारी लिहिले गेले.

म्हणून फाटकाशी थांबणाऱ्या आमच्या बंधूस आम्ही असे सुचवितो की, त्याने आत जावे. त्या रविवारपासून त्या दगडी भिंतींवर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या खेड्यातील सभासदाचाही वाटा आहे. अर्थात कागदावर एक होणे निराळे आणि बाकावर शेजारी बसणे निराळे. शहरातील मंडळ्यांनी या बाबतीत आपले मन तपासून पाहावे, इतके म्हणून आम्ही तो विषय येथे सोडतो. आत गेल्यावर घाई करू नये. पहारेकऱ्यास अथवा पाळकसाहेबांस विचारून प्रवेश करावा. प्रथम स्मृतिशिला वाचाव्या, नावांपेक्षा वये व तारखा पाहाव्या. कोणत्या वर्षी एकाच महिन्यात अनेक मृत्यू झाले असल्यास त्या साली साथ आली होती की काय, हे वडील माणसांस विचारावे. मग वेदीच्या भागाकडे जाऊन जुने बांधकाम कोठे संपते व नवे कोठे सुरू होते, ते शोधावे. सँकी यांचा हात व बॉडली यांचा हात यांत पंचवीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि डोळा सवयीचा झाला म्हणजे दगडाच्या घडणीत असले अंतर हळूहळू उमगू लागते. मुले बरोबर असल्यास त्यांस पाठीमागे उभे करून विचारावे की, १८५१ साली आपण आलो असतो तर कोठे उभे असतो?

पाठ घेणाऱ्या शिक्षकांकरिता आता थोडे. हे सर्व नागपूरविषयी झाले. रविवारच्या शाळेत ते सांगून झाल्यावर मुलांस आपल्याच गावच्या प्रार्थनामंदिराकडे न्यावे आणि तेच प्रश्न तेथे विचारावे. जागा कोणी दिली व ती कोणाच्या नावे आहे? सातबारा कोणाच्या पेटीत आहे? पहिली वल्ली कोणत्या रानातून आली, आणि ती डोक्यावर कोणी वाहिली? मंदिर होण्याच्या आधी कोणाच्या ओसरीवर उपासना भरे, व ती ओसरी कोणत्या वस्तीत होती? बाप्तिस्म्याच्या वहीचे पहिले पान कोठे आहे, त्याला वाळवी तर लागली नाही ना, आणि त्यावरील पहिली पाच नावे कोणाची? कोणत्या बाया त्या दिवशी भाकरी भाजत राहिल्यामुळे छायाचित्रात आल्या नाहीत? कित्येक गावी ही उत्तरे ठाऊक असलेली एखादीच आजी उरली असेल. पुष्कळ मंडळ्यांनी अलीकडे जुनी कौलारू मंदिरे पाडून स्लॅबची बांधली आहेत किंवा बांधावयाचे योजिले आहे. पावसाने गळणाऱ्या छपराखाली बसा, असे आम्ही कोणास सांगत नाही. पण पाडण्याच्या आधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावी, लांबीरुंदी मोजून लिहावी, पायाचा एक दगड नव्या भिंतीत डोळ्यांस दिसेल असा बसवावा, आणि आजी सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून त्याच्या दोन प्रती कराव्या; एक मंडळीच्या पेटीत, आणि दुसरी गावाबाहेर कोणा विश्वासू माणसाच्या घरी ठेवावी.